तुटलेली तात जोडताना

निकोलाउस हार्नोनकोर्ट हे १९५२ पासून व्हिएन्ना सिम्फनी वाद्यवृंदात चेलो वाजवीत. बाख, विवाल्डी यांचे संगीत तेथे निर्जीव होते, ही त्यांची खंत. दोष संगीताचा की वाद्यांचा? या प्रश्नातून १९५३ साली त्यांनी पत्नी अ‍ॅलिस व मित्रांसह 'कॉन्सेन्टुस म्युझिकुस' हा वृंद उभारला.

बाखच्या काळी चेलोला आतड्याची तात असे. जमिनीवर टेकवायला आजच्यासारखी दांडी सहसा नसे. वादक तो पोटऱ्यांत धरी. साथीच्या हार्पसिकॉर्डमध्ये पिसाचा देठ तार छेडतो, सतारीवरच्या नखीसारखा. पट्टी कितीही जोराने दाबा, आवाज फारसा वाढत नाही. रचनाकार खर्जाची ओळ लिहून त्यावर आकडे मांडी. त्यांवरून स्वरमेळ हार्पसिकॉर्डवादक आयत्या वेळी रची. पोलादी तारांच्या चेलोपुढे ही नाजूक साथ दबते. तातेच्या चेलोशी मात्र तिचा संवाद होतो.

पण हे शिकवणार कोण? एकोणिसाव्या शतकात पियानोने हार्पसिकॉर्डला मागे सारले आणि गुरुपरंपरा खंडित झाली. उरली संग्रहालयांतील वाद्ये आणि क्वांट्झ (१७५२), लिओपोल्ड मोझार्ट (१७५६) यांचे वादनावरील ग्रंथ. त्यांच्या आधारे चार वर्षे तालीम करून १९५७ मध्ये हा वृंद प्रथम श्रोत्यांपुढे आला.

वाद्य जपले म्हणजे विद्या जपली, असे नव्हे. ती वाजत्या हातांतच जगते. हात थांबले, की पुढच्यांना ग्रंथ उघडून पहिल्या स्वरापासून आरंभ करावा लागतो.