नौकायंत्रांची वाक्ये व यूएसबी

अमेरिकेतील 'नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन' या संस्थेने नौकेवरील यंत्रांच्या परस्परव्यवहारासाठी १९८३ साली '०१८३' हे प्रमाण सिद्ध केले. त्याची परिभाषा भाषाभ्यासकास लक्षणीय वाटेल : संदेश धाडणारे यंत्र 'वक्ता', घेणारे 'श्रोता' आणि संदेश म्हणजे 'वाक्य'. वाक्याची कमाल मर्यादा ८२ चिन्हांची. मूळ वेग सेकंदास ४,८०० बिट. वक्ता एक, श्रोते अनेक. त्याच तारेवरून उलट प्रश्न विचारण्याची सोय श्रोत्यास नाही.

१९९६ साली यूएसबीचे प्रमाण आले आणि पुढे लॅपटॉपवरील सीरियल पोर्ट हळूहळू लोपले. हा भेद केवळ जोडणीच्या आकाराचा नव्हता. यूएसबीत संगणकाने विचारल्यावाचून उपकरणाने बोलावयाचे नसते. नौकायंत्र तर न विचारताच बोलते. हा विरोध मधला परिवर्तक मिटवितो. आलेली वाक्ये तो क्षणभर साठवितो व संगणकाने पृच्छा करताच पुढे करतो. संगणकातील ड्रायव्हर आभासी सीरियल पोर्ट उभे करतो. त्यामुळे सागरी नकाशाच्या सॉफ्टवेअरला वाक्ये जुन्याच वाटेने येतात असे भासते. मात्र वेग जुळला नाही, तर हाती निरर्थक अक्षरेच येतात.

सारांश, वाहक पालटला, वाक्यरचना टिकली. माध्यमाचा अस्त म्हणजे भाषेचा अस्त नव्हे, हे इतिहासकाराने विसरता कामा नये.