सात पिढ्यांची निष्ठा

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आपण संत गोन्सालो गार्सिया यांचे स्मरण करतो. वसईच्या मातीत जन्मलेला हा संत आपल्याला आपल्या घरातलाच वाटतो. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आपल्याकडे आहे, चर्च आहे, आणि कित्येक घरांत त्यांचे नाव धारण करणारी मुले आहेत. काही वर्षांपूर्वी अशाच एका सणाच्या मिस्सानंतर एक वयोवृद्ध गृहस्थ माझ्याजवळ येऊन थांबले. हात जोडून म्हणाले, "फादर, प्रवचन ऐकले. संतांचे मोठेपण कळले. पण खरे सांगू का? मी त्या क्रुसाजवळ पोहोचलोच नसतो. अर्ध्या वाटेवरून परत फिरलो असतो. आमच्यासारख्यांनी काय करायचे?"

त्या वेळी मी त्यांना चार धीराचे शब्द सांगितले. परंतु त्यांच्या प्रश्नाचे उत्तर काही दिले नाही. पुढे जपानमधील ख्रिस्तसभेचा इतिहास पुन्हा वाचताना ते उत्तर ज्या भूमीत संत गोन्सालोंनी रक्त सांडले त्याच भूमीत आहे, असे माझ्या ध्यानात आले. हा लेख त्या गृहस्थांसाठी, आणि त्यांच्यासारखा प्रश्न मनात बाळगून गप्प राहणाऱ्या सर्वांसाठी.

जपानमध्ये सुवार्तेचे बीज गोव्यातून गेले. अंजिरो नावाच्या जपानी गृहस्थाला १५४८ साली गोव्यात बाप्तिस्मा मिळाला आणि त्याला सोबत घेऊन संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमा येथे उतरले. पुढील चार-पाच दशकांत, विशेषतः क्यूशू बेटावर, श्रद्धावंतांची संख्या झपाट्याने वाढली. परंतु १५८७ साली जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने मिशनऱ्यांना देश सोडण्याची आज्ञा काढली आणि वारे फिरले.

गोन्सालोंचा जन्म १५५६च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. येशूसंघीयांच्या हाताखाली शिकून तरुणपणी ते जपानला गेले, धर्मशिक्षक म्हणून राबले, तिथली भाषा त्यांनी आत्मसात केली. काही काळ व्यापार केला आणि शेवटी मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश घेतला. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते जपानला परतले. तीन वर्षांनी अटक झाली. चोवीस जणांना कानाचा भाग कापून भर हिवाळ्यात क्योतोच्या बाजूने नागासाकीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटर चालवत नेले. वाटेत आणखी दोघे त्यांना मिळाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत बारा-तेरा वर्षांची मुलेही होती. पोप नववे पायस यांनी १८६२ साली या सर्वांना संतपद बहाल केले.

इथवरची कथा आपल्याला ठाऊक आहे. आपले प्रवचन बहुधा इथेच संपते. टेकडीवरून खाली उतरून आपापल्या घरी गेलेल्या हजारो लोकांचे पुढे काय झाले, याचा विचार आपण करत नाही.

१६१४ साली तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. धर्मगुरूंना हद्दपार केले, चर्चे पाडली. लपून राहिलेल्या धर्मगुरूंचा शोध घेऊन त्यांना ठार मारले. जाहीर फलकांवर बक्षिसे लिहिलेली असत. धर्मगुरूला पकडून देणाऱ्यास चांदीच्या नाण्यांची मोठी रक्कम मिळे. पाच-पाच घरांचे गट केले होते आणि एका घरात ख्रिस्ती माणूस सापडला तर त्या पाचही घरांना शिक्षा होई. प्रत्येक कुटुंबाला बौद्ध मंदिरात नाव नोंदवावे लागे आणि अंत्यविधीही तिथल्याच भिक्षूंकडून करून घ्यावा लागे.

छळाचे तंत्रही बदलले. हुतात्म्यांच्या मरणाने लोकांची श्रद्धा अधिकच दृढ होते, हे राज्यकर्त्यांना उमगले होते. म्हणून मारण्यापेक्षा नकार वदवून घेण्यावर त्यांनी भर दिला. १६३३च्या ऑक्टोबरमध्ये नागासाकीत काही धर्मगुरूंना खड्ड्यात उलटे टांगण्यात आले. त्यांत येशूसंघाचे तेथील प्रमुख क्रिस्तोव्हाव फेरेरा होते आणि फादर जुलियन नाकाउरा होते. हे जुलियन म्हणजे १५८२ साली पोपमहोदयांच्या भेटीसाठी निघालेल्या आणि वाटेत गोव्यात मुक्काम केलेल्या चार जपानी मुलांपैकी एक. फेरेरा काही तासांतच खचले आणि त्यांनी श्रद्धा नाकारली. जुलियन मरेपर्यंत अढळ राहिले. ज्याने इतरांना शिकवले, तोच कोसळला. ही बातमी साध्या शेतकऱ्या-कोळ्यांच्या कानी पडली तेव्हा त्यांच्या मनाला काय वाटले असेल! १६४४ साली मान्शो कोनिशी हे शेवटचे जपानी धर्मगुरूही हुतात्मा झाले. त्यानंतर जपानमधील श्रद्धावंतांना धर्मगुरू उरला नाही. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, ख्रिस्तशरीर नाही.

आपल्या वसईवरही १७३९ साली मोठे सत्तांतर आले. युरोपीय संन्यासी निघून गेले, अनेक मठ-मंदिरे ओस पडली. तरीही आपल्या पूर्वजांमध्ये स्थानिक धर्मगुरू राहिले, वेदीवरचा दिवा विझला नाही. जपानच्या श्रद्धावंतांना तेवढाही आधार नव्हता. दोनशेहून अधिक वर्षे ते एकटे होते.

या एकटेपणात त्यांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. गावागावांत प्रापंचिकांनीच जबाबदाऱ्या वाटून घेतल्या. एकजण पंचांग सांभाळी. कोणता सण केव्हा, उपवास केव्हा, हे मोजून सांगे. एकजण बाप्तिस्मा देई. त्याला 'पाणी देणारा' म्हणत. एकजण घरोघरी निरोप पोहोचवी. प्रार्थना तोंडपाठ करून बाप मुलाला शिकवी. लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द घासून घासून ओळखू येईनासे झाले, पण थांबले नाहीत. कान्नोन या बौद्ध देवतेच्या मूर्तीत ते पवित्र मरियेला पाहत. घरात मृत्यू झाला की बाहेरच्या खोलीत भिक्षू मंत्र म्हणत आणि आतल्या खोलीत घरची माणसे हळू आवाजात ख्रिस्ती प्रार्थना म्हणत.

आणि दर वर्षी नववर्षाच्या सुमारास ती परीक्षा येई. प्रभू येशूची किंवा पवित्र मातेची कोरीव प्रतिमा जमिनीवर ठेवली जाई आणि गावातल्या प्रत्येकाला तिच्यावर पाय ठेवून पुढे जावे लागे. जपानी भाषेत या प्रतिमेला 'फुमिए' म्हणत. जो थांबला, तो पकडला गेला.

त्या लोकांनी पाय ठेवला. सगळ्यांनी नव्हे, पण जे जगले-वाचले, ज्यांच्यामुळे श्रद्धा पुढच्या पिढीकडे गेली, त्यांतील बहुतेकांनी ठेवला. एकदा नव्हे, दर वर्षी. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. आणि पाय ठेवून घरी आल्यावर ते गुडघे टेकून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. १६०३ साली, छळाचा पूर्ण भडका उडण्यापूर्वी, ख्रिस्तसभेने जपानी भाषेत एक छोटी पुस्तिका छापली होती. धर्मगुरू न मिळाल्यास मनापासून, देवावरील प्रेमापोटी पश्चात्ताप कसा करावा आणि संधी मिळताच पापनिवेदन करण्याचा निश्चय कसा धरावा, हे तीत शिकवले होते. छापील प्रती नष्ट झाल्यावर लोकांनी तिच्या हस्तलिखित नकला केल्या, आणि तीच शिकवण पिढ्यान्‌पिढ्या जपली.

इथे काळजीपूर्वक बोलले पाहिजे. प्रतिमेवर पाय ठेवणे योग्य होते, असे ख्रिस्तसभेने कधी म्हटले नाही आणि त्या लोकांनीही तसे मानले नाही. योग्य मानले असते, तर पश्चात्तापाची प्रार्थना म्हणण्याचे कारणच काय होते? आपल्या पापाला त्यांनी दुसरे नाव दिले नाही. 'सगळेच करतात' म्हणून ते हलके मानले नाही. वर्षानुवर्षे तीच जखम उघडी ठेवून त्यांनी देवाकडे क्षमा मागितली. कोंबडा आरवल्यावर बाहेर जाऊन रडलेला पेत्र आपल्याला ठाऊक आहे. तसे पेत्र जपानच्या खेड्यांतून सात पिढ्या होऊन गेले.

सात पिढ्या हा शब्द त्यांचाच. बास्तियन नावाच्या धर्मशिक्षकाने मरणापूर्वी सांगून ठेवले होते, अशी परंपरा आहे, की सात पिढ्यांनंतर मोठ्या काळ्या जहाजांतून धर्मगुरू येतील आणि तेव्हा पापनिवेदन करता येईल. लोक पिढ्या मोजत राहिले.

१८५८च्या करारांनंतर जपानची दारे परदेशीयांसाठी उघडली. नागासाकीत परदेशीयांच्या उपासनेसाठी ओउरा येथे चर्च उभे राहिले आणि फेब्रुवारी १८६५ मध्ये सव्वीस हुतात्म्यांच्या नावे त्याचा आशीर्वादविधी झाला. महिनाभराने, शुक्रवार १७ मार्च १८६५ रोजी दुपारी, जवळच्या उराकामी खेड्यातील दहा-पंधरा माणसे दाराशी येऊन थांबली. फ्रेंच धर्मगुरू फादर बर्नार्ड पेतिजाँ यांनी दार उघडले आणि ते वेदीपुढे गुडघे टेकून प्रार्थना करू लागले. तेव्हा एक स्त्री जवळ आली, छातीवर हात ठेवून तिने हळूच सांगितले की आम्हा सर्वांची हृदये तुमच्यासारखीच आहेत. मग तिने विचारले की पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे.

बोलता बोलता त्या लोकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. सध्या आम्ही दुःखाचा काळ पाळत आहोत, आज सतरावा दिवस, असे ते म्हणाले. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्चला होता. वाचकांनी बोटांवर मोजून पाहावे. धर्मगुरू नाही, छापील पंचांग नाही, रोमशी एका पत्राचाही संबंध नाही. आणि दोनशे वर्षांनंतर उपवासकाळाचा दिवस एकाने चुकला नव्हता.

तरी परीक्षा संपली नव्हती. बंदी कायम होती. उराकामीच्या लोकांनी आता बौद्ध भिक्षूंकडून अंत्यविधी करून घेण्यास उघड नकार दिला आणि १८६७ साली अटकसत्र सुरू झाले. यातनांपुढे कैदेतल्या बहुतेकांनी मान तुकवली. सेनएमोन ताकागी अढळ राहिले. मान तुकवलेले घरी परतले, पण त्यांना चैन पडेना. ते पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेले आणि दिलेला नकार त्यांनी परत घेतला. पुढील तीन वर्षांत सुमारे ३,४०० माणसांना, म्हणजे जवळजवळ अख्ख्या गावाला, देशाच्या निरनिराळ्या भागांत हद्दपार केले. थंडी, भूक आणि यातनांनी सहाशेहून अधिक माणसे दगावली. त्सुवानो येथे तर कैद्यांना गोठलेल्या तळ्यात बुडवले जाई. युरोप-अमेरिकेतून निषेध झाला आणि १८७३ साली बंदीचे फलक उतरवले गेले. परतलेल्या लोकांनी त्या हद्दपारीला नाव दिले ते फक्त 'प्रवास'. कैदेत ज्यांनी श्रद्धा नाकारली होती, तेही आले आणि पुन्हा त्याच समुदायात प्रार्थनेला बसले.

घरे मोडली होती, शेते ओसाड होती. अशा स्थितीतही काही वर्षांनी त्यांनी पैसे जमवून गावच्या मुखियाचा जुना वाडा विकत घेतला. ही जागा त्यांनी मुद्दाम निवडली. याच वाड्यात त्यांच्या आजोबा-पणजोबांना दर वर्षी त्या प्रतिमेवर पाय ठेवावा लागला होता. तिथे त्यांनी चर्च बांधले. पुढे १८९५ साली सुरू झालेले मोठे चर्च १९१४ साली पुरे झाले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला तो या चर्चपासून अवघ्या अर्ध्या किलोमीटरवर. त्या वेळी आत पापनिवेदन चालू होते. धर्मगुरू आणि जमलेले लोक जागीच गेले. धर्मग्रामातील सुमारे १२,००० श्रद्धावंतांपैकी सुमारे ८,५०० मृत्युमुखी पडले. उरलेल्यांनी त्याच जागेवर १९५९ साली चर्च पुन्हा बांधले. ते आजही उभे आहे.

त्या वृद्ध गृहस्थांना आता मला सांगावेसे वाटते: बाबा, संत गोन्सालो टेकडीवर चढले म्हणून जपानच्या श्रद्धेला मूळ मिळाले. पण ते मूळ अडीचशे वर्षे जिवंत ठेवले ते अर्ध्या वाटेवरून परतलेल्यांनी. त्यांनी घरी जाऊन दार लावून घेतले नाही. गुडघे टेकले, रडले, मुलाला प्रार्थना शिकवली आणि उपवासकाळाचे दिवस मोजले.

आपल्यासमोर कुणी प्रतिमा ठेवत नाही. आपली परीक्षा वेगळी आहे. आजारपण, कर्ज, मुलाचे व्यसन, भावाभावांतला जमिनीचा वाद, आणि प्रार्थना करून थकलेले मन. त्यात आपला पाय कधी ना कधी चुकीच्या जागी पडतोच. पडला, की त्याला चूक म्हणावे आणि त्याच रात्री देवाकडे परत यावे. त्या लोकांना पापनिवेदनासाठी सात पिढ्या थांबावे लागले. आपल्या चर्चमध्ये दर शनिवारी संध्याकाळी धर्मगुरू बसलेले असतात.