नाव शाबूत राहण्यासाठी

औंढ्याला येऊन नामदेवांची ती गोष्ट टाळता येत नाही. कीर्तनाला देवळापुढून उठवले म्हणून ते मागच्या बाजूला गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका आहे. नंदी मागे राहिला तो तेव्हापासून, असे इथे सांगतात. या गोष्टीतला राखणदार पुढच्या बाजूलाच उभा आहे, एवढे ध्यानात ठेवा. आपला आजचा विषय सर्व्हरच्या दारातला राखणदार. संगणकवाले त्याला फिल्टर म्हणतात.

1997 साली सन कंपनीने जावा भाषेत सर्व्हलेट आणले. ब्राउझरची विनंती घ्यायची, उत्तर परत पाठवायचे, हे त्यांचे काम. पण आलेला माणूस ओळखीचा आहे का, ही तपासणी प्रत्येक सर्व्हलेटात पुन्हा पुन्हा लिहावी लागे. एखाद्यात राहून गेली की तेवढी वाट मोकळी! 2001 च्या 2.3 आवृत्तीत फिल्टर आले. तपासणी एकदाच लिहा, आणि ती कोणकोणत्या पत्त्यांना लावायची ते वेब.एक्सएमएल नावाच्या फाइलीत नोंदवा. मला या इतिहासात रस वाटतो तो इथे. नियम कामाच्या पोटातून बाहेर काढून कागदावर आला. आता तो वाचता येतो, त्यावर भांडताही येते.

अर्थात कागदावर जो पत्ता नाही, तिथे राखणदारही नाही. आणि विनंती आतल्या आत एका पानाकडून दुसऱ्याकडे सोपवली, तर मुद्दाम तसे लिहिल्याशिवाय फिल्टर पुन्हा चालत नाही.

पण आपल्या मराठी माणसाला याची झळ बसली ती क्रमामुळे. म्हणजे बघा, अर्जात कोणी ‘नामदेव’ असे लिहिले. काना-मात्रा वेगळे मोजले तर सहा चिन्हे. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे झाले 18. ही अक्षरे कोणत्या पद्धतीने वाचायची, हे ब्राउझर अर्जासोबत सहसा सांगतच नाही. मग सर्व्हर नियमाप्रमाणे पश्चिम युरोपीय लिपीसाठी केलेली आयएसओ-8859-1 पद्धत धरून चालतो. तिच्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. झाले, सहाच्या जागी 18 परकी चिन्हे! एवढ्यावर थांबले तर उलट वाचून नाव परत मिळते. पण उलट प्रकारही होतो. बरोबर वाचलेले नाव त्या युरोपीय पद्धतीत साठवायला गेले, की उरतात नुसती प्रश्नचिन्हे. ती मात्र कोणालाही परत वाचता येत नाहीत.

वाचनाची पद्धत सांगण्याची सोयही त्याच 2.3 मध्ये आली. मात्र अट अशी, की अर्जातला एकही रकाना वाचण्याआधी ती सांगायची. पत्त्यांवर लावलेले फिल्टर फाइलीतल्या जोडणीच्या क्रमाने चालतात. समजा, ओळख तपासणारा फिल्टर पहिला आहे आणि त्याने वापरकर्त्याचे नाव वाचून टाकले. मग मागून आलेला लिपीचा फिल्टर कितीही ओरडला तरी उपयोग नाही. कुठे चूक दाखवली जात नाही, काही बंद पडत नाही, नुसती नावे बिघडतात. म्हणून लिपीचा फिल्टर सर्वांत वर. दोन ओळींची अदलाबदल, आणि माणूस स्वतःच्या लिपीत नोंदला जातो किंवा जात नाही.

नामदेवांची पदे गुरु ग्रंथ साहिबात गुरुमुखीत आहेत. तिथे लिपी बदलली तरी शब्द टिकले, कारण उतरवून घेणाऱ्याला आपण काय वाचतो आहोत हे ठाऊक होते. सर्व्हरला ते सांगावे लागते, तेही वेळेवर.

पुढे 2009 च्या 3.0 आवृत्तीत फिल्टरची नोंद थेट जावाच्या फाइलीतच करता येऊ लागली. सोय झाली खरी, पण तिथे क्रम सांगायची तरतूद नव्हती. त्यामुळे जाणती मंडळी क्रमासाठी जुन्या वेब.एक्सएमएलकडेच जात राहिली. शेवटी 2017 च्या 4.0 आवृत्तीत त्या फाइलीत एक नवी ओळ मिळाली: सगळ्या अर्जांची वाचनपद्धत तिथेच सांगा, वेगळा फिल्टर नको. या एका ओळीला सोळा वर्षे लागली, बरं का.