लोहगावचे बिल्ले

आमच्या येरवड्यात दोन माणसं बोलता बोलता एकदम गप्प झाली तर त्यांचं काही बिनसलं असं समजू नये. वरून विमान जात असतं. लोहगावच्या तळावरून लढाऊ विमान उठलं की बोलणं थांबवायचं आणि आवाज ओसरला की जिथे सोडलं तिथून पुढे सुरू करायचं, ही इथली जुनी सवय. वर्गात शिकवतानाही मी तशीच थांबत असे. त्या अर्ध्या मिनिटात मागच्या बाकांवर काय काय उद्योग चालत ते वेगळं सांगायला नको.

गेल्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. "बाई, मी दिलेला तो बिल्ला आहे का हो अजून तुमच्याकडे?" या एका प्रश्नाने माझी दोन रात्रींची झोप गेली. का, ते सांगतेच. पण आधी बिल्ल्यांची गोष्ट सांगायला हवी.

घरातल्या मंडळींना माझा हा नाद ठाऊक आहे. वायुदलाच्या स्क्वाड्रनचे, म्हणजे विमानांच्या तुकड्यांचे, भरतकाम केलेले कापडी बिल्ले मी जमवते. वैमानिकांच्या आणि तंत्रज्ञांच्या अंगावरच्या डगल्यावर छातीला किंवा दंडाला जे असतात ते. हल्ली त्यांना सगळे पॅच म्हणतात. माझ्याकडे सव्वाशेच्या आसपास आहेत. आमचे हे म्हणायचे, इतर बायका पैठण्या जमवतात, हिने चिंध्या जमवल्या. असो.

लोहगावचा तळ १९३९ सालचा, इंग्रजांनी बांधलेला. त्याआधी या गावाची ओळख होती ती तुकोबांचं आजोळ म्हणून. मी नऊ वर्षांची असताना पानशेतचा पूर आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी पुण्याहून बारा कॅनबेरा बाँबफेकी विमानं दाबोळीवर गेली. त्यांचं नेतृत्व विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्याकडे होतं आणि एकूण हवाई मोहिमेचं एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे. बेळगावजवळच्या सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं. दाबोळीची धावपट्टी फोडली खरी, पण पुरती नव्हे. तिथे अडकलेली दोन पोर्तुगीज नागरी विमानं त्याच रात्री उरलेल्या तुकड्यावरून निसटून गेली. आम्हा मुलांना यातलं काही माहीत नव्हतं. आवाज मात्र आठवतो, आणि रेडिओला कान लावून बसलेले आजोबा.

पुढे बी. ए. झाले, शाळेत लागले, इतिहास शिकवू लागले. गोवा मुक्तीचा धडा पुस्तकात चार ओळींचा. त्यात आपल्या डोक्यावरून गेलेल्या विमानांचा उल्लेखही नाही. मुलांना सांगायला लागले की अरे, ती विमानं इथून, आपल्या लोहगावहून गेली, तर मुलं विचारायची, "मग तिथे काय आहे बघायला?" बघायला काय असणार! तळ लष्करी, आत जाता येत नाही. विमानं जुनी झाली की जातात, तुकड्यांच्या बदल्या होतात. गावात त्यांचं काही उरत नाही. उरतो तो कोणाच्या तरी कपाटातला कापडाचा तुकडा.

त्या तुकड्यावर असतं काय? वर अशोकस्तंभाचे सिंह, मधे तुकडीचं चिन्ह, तिचा क्रमांक आणि खाली फितीवर देवनागरीत ब्रीद. ही पद्धत मुळात ब्रिटिश वायुदलाची. तिथे १९३६ पासून प्रत्येक बिल्ल्याला राजाची मंजुरी लागू लागली. आपण स्वातंत्र्यानंतर मुकुट काढून सिंह बसवले. भाषेच्या शिक्षिकेला या ब्रीदांची गंमत वाटते. पहिल्या स्क्वाड्रनचं 'एकता में शक्ति', दुसरीचं 'अमोघ लक्ष्य', चौथीचं 'मान पर जान', पाचवीचं 'शक्ति विजयते', अठरावीचं 'तीव्र और निर्भय'. काही शुद्ध संस्कृत, काही सरळ हिंदी, आणि टोपणनावं मात्र सगळी इंग्रजी: टायगर्स, टस्कर्स, लाइटनिंग्ज, ऱ्हायनोज. आपल्या देशाचं भाषेचं धोरण समजून घ्यायचं असेल तर आयोगांचे अहवाल नकोत, हे बिल्ले पुरेत!

क्रमांकाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. विमानं निवृत्त झाली आणि तुकडी बंद करावी लागली तर वायुदल तिचा क्रमांक मोडीत काढत नाही, जपून ठेवतं. त्याला 'नंबर प्लेट' करणं म्हणतात. पुढे नवी विमानं आली की तोच क्रमांक, तेच चिन्ह, तेच ब्रीद पुन्हा बाहेर निघतं. अठरावी स्क्वाड्रन १९६५ साली नॅट विमानांवर उभी राहिली. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों याच तुकडीचे. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर हल्ला झाला तेव्हा ते एकट्या नॅटमधून लढत पडले. वायुदलाला मिळालेलं ते आजवरचं एकमेव परमवीरचक्र. ही तुकडी एप्रिल २०१६ मध्ये बंद झाली आणि मे २०२० मध्ये सुलूरला तेजस विमानांवर पुन्हा उभी राहिली. सतराव्या 'गोल्डन ॲरोज'चंही तसंच: २०१६ ला बंद, २०१९ ला पुन्हा सुरू, आणि मग तिच्याकडे राफेल आली. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला मिग-२१ विमानांना निरोप दिला तेव्हा तिसरी 'कोब्राज' आणि तेविसावी 'पँथर्स' यांच्या वैमानिकांना मी टीव्हीवर पाहत होते. सगळे विमानांकडे बघत होते, मी त्यांच्या दंडांकडे.

आपल्या लोहगावला सुखोई आली १९९७ साली, चोविसाव्या 'हंटिंग हॉक्स'कडे. पुढची सुधारलेली सुखोई-३० एमकेआय २७ सप्टेंबर २००२ ला विसाव्या 'लाइटनिंग्ज'कडे आली. याच तळावरून ८ जून २००६ ला राष्ट्रपती कलाम सुखोईतून उडाले, आणि २५ नोव्हेंबर २००९ ला आपल्या जळगावच्या प्रतिभाताई. दोघांचंही वय तेव्हा ७४. मीही आता ७४ ची आहे, आणि मला रिक्षात चढताना गुडघा धरावा लागतो.

आता जमवण्याविषयी. सुरुवात शाळेतच झाली. आमच्या मराठी शाळेत वायुदलातल्या साताऱ्या-कोल्हापूरकडच्या तंत्रज्ञांची मुलं असायची. दोन-तीन वर्षांत वडिलांची बदली, की मूल वर्गातून नाहीसं. जाताना एखादं काहीतरी देऊन जायचं. मग मी जुन्या बाजारात बुधवारी, रविवारी चकरा मारू लागले. खडकी बाजारातल्या शिंप्यांशी ओळखी काढल्या. तो काळ वेगळा होता. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटवर हल्ला झाल्यावर लष्करानं आवाहन केलं की नागरिकांनी लष्करी कपडे घालू नयेत, दुकानदारांनी सरसकट विकू नयेत. ते योग्यच झालं. बिल्ला पेटीत ठेवायचा असतो, अंगावर लावायचा हक्क ज्याने तो कमावला त्याचा.

खरा कोणता आणि नकली कोणता, हे ओळखायला आजीनं शिकवलेला नियमच कामी आला: भरतकाम बघायचं ते उलट्या बाजूनं. हातानं भरलेल्या बिल्ल्याच्या मागे गाठी, ओढलेले धागे, चुकून परत घातलेला टाका असतो. यंत्रावर भरलेला मागूनही सारखा. कडेला शिवणीची भोकं असतील तर तो कधीतरी कोणाच्या अंगावर होता. आताच्यांना मागे वेल्क्रो असतं. नातवानं नोटा तपासायचा जांभळा दिवा आणून दिलाय. नवा कृत्रिम धागा त्याखाली चमकतो, जुना सुती चमकत नाही. पण जुना बिल्ला हल्लीच्या पावडरीत धुतला असेल तर तोही चमकतो, त्यामुळे दिव्यावर फार विसंबू नये.

आणि सगळ्यात देखणे ते कलाबतूचे, जरदोजी कामाचे. वाराणसीच्या लल्लापुऱ्यातले कारागीर आजही परदेशी सैन्यांसाठी असे बिल्ले भरून पाठवतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी इकडे आलेल्या अमेरिकन सैनिकांनीही आपले बिल्ले इथल्याच बाजारात भरून घेतले होते. आज अमेरिकेतले संग्राहक घरच्या कारखान्यातल्या बिल्ल्यांपेक्षा या हिंदुस्थानी हातकामाला जास्त मोल देतात.

या कलाबतूनंच माझा घात केला.

ती विद्यार्थिनी १९८४ साली शाळा सोडून गेली. वडील कॅनबेराच्या एका तुकडीत तंत्रज्ञ होते (क्रमांक मुद्दाम लिहीत नाही). जाताना तिनं वडिलांचा बिल्ला दिला. तेलाचे डाग पडलेला, एक कोपरा उसवलेला, आणि तो तिच्या आईनं निळ्या दोऱ्यानं पुन्हा शिवलेला. हाताशी जुळता दोरा नसणार. मी तो दहा-बारा वर्षं ठेवला. मग जुन्या बाजारात भेटणाऱ्या एका संग्राहकानं त्याच तुकडीचा कलाबतूचा बिल्ला दाखवला, कोटाच्या खिशावर लावायचा, नवाकोरा, डोळे दिपवणारा. अदलाबदल करता का म्हणाले. मी केली. मला वाटलं, तुकडी तीच, क्रमांक तोच, मग हरकत काय?

११ मे २००७ ला आग्र्याला शेवटच्या कॅनबेरा निवृत्त झाल्या, तेव्हा मी तो कलाबतूचा बिल्ला काढून सगळ्यांना कौतुकानं दाखवला होता. आता हे लिहिताना लाज वाटते.

वडील गेले दिवाळीनंतर, ती फोनवर म्हणाली. आई आधीच गेलेली. सततच्या बदल्यांत घरात त्या दिवसांचं काही राहिलं नाही. "आईनं शिवलेला कोपरा बघायचाय, बाई."

मी "शोधते" म्हटलं. खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं. ते संग्राहक जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या घरी फोन केला, तर सून भली निघाली. म्हणाली, एक पेटी माळ्यावर आहे, बाकीचं भंगारात गेलं. परवा नातवाबरोबर जाऊन आले. पेटीत त्रेचाळीस बिल्ले निघाले. एकेक उलटा करून पाहिला. त्या तुकडीचे तीन होते. निळा दोरा एकालाही नाही.

रविवारी ती येणार आहे, चिंचवडहून, मुलीला घेऊन. सगळं सांगायचं ठरवलंय. कलाबतूचा बिल्ला कागदात गुंडाळून टेबलावर ठेवलाय. घेतला तर तिचा. नाही घेतला तरी मी तो परत पेटीत ठेवणार नाही.