बांधकामस्थळावरील सुरक्षा संस्कृती

बांधकामाच्या जागी मालक, अभियंता, ठेकेदार, मुकादम आणि मजूर यांच्या रोजच्या वागण्यातून माणसाच्या जिवाला जे स्थान मिळते, त्याला बांधकामस्थळावरील सुरक्षा संस्कृती म्हणतात. हेल्मेट, जाळ्या, कठडे आणि नियमपुस्तिका ही सुरक्षेची साधने आहेत. कोणी पाहत नसताना ती वापरली जातात का आणि स्लॅबची तारीख व माणसाचा जीव यांत ओढाताण झाली की झुकते माप कशाला मिळते, हे मात्र संस्कृती ठरवते. ती ओळखण्याची कसोटी साधी आहे : सर्वांत कमी रोज मिळवणाऱ्या बिगाऱ्याने धोका दिसला म्हणून काम थांबवले, तर त्याची त्या दिवसाची हजेरी शाबूत राहते का?

संकल्पनेचा उगम

‘सुरक्षा संस्कृती’ ही संज्ञा बांधकामातून आलेली नाही. १९८६ साली चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा स्फोट झाला. त्याची मीमांसा करताना आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने ती वापरली आणि पुढे इतर धोकादायक उद्योगांनीही ती स्वीकारली. त्याआधी अपघाताचा दोष बहुधा कामगाराच्या निष्काळजीपणावर टाकला जाई. अमेरिकेतील विमा व्यवसायातले एच. डब्ल्यू. हाइनरिश यांनी १९३१ सालच्या आपल्या ग्रंथात बहुतेक अपघातांचे मूळ माणसाच्या असुरक्षित कृतीत असल्याचे मांडले होते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० च्या दशकात या विचाराला वेगळे वळण दिले. कामगाराची चूक ही साखळीतली शेवटची कडी असते; अपुरी योजना, घाई, सदोष साहित्य आणि दुबळी देखरेख या कड्या तिच्या कितीतरी आधी जुळलेल्या असतात, असे त्यांनी दाखवून दिले. माणूस केंद्रस्थानी ठेवणारी सुरक्षा याच विचारावर उभी आहे. माणूस चुकणार हे ती गृहीत धरते आणि त्या चुकीची किंमत जिवाने मोजावी लागू नये, अशी कामाची आखणी करते.

धोक्यांचे स्वरूप

कारखान्यात यंत्र एका जागी असते. बांधकामाची जागा रोज बदलते. काल जिथे मोकळा स्लॅब होता तिथे आज लिफ्टचा डक्ट उघडा असतो. उंचीवरून पडणे, खोदाईची माती ढासळणे, विजेचा धक्का, क्रेनवरील भार निसटणे, सेंटरिंग कोसळणे आणि वाहनाखाली सापडणे हे यातले प्रमुख धोके आहेत. दहा मीटरवरून पडणारा माणूस दीड सेकंदाच्या आत जमिनीवर आदळतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर असतो. सावरायला वेळच मिळत नाही. एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते, त्यामुळे छातीपर्यंत गाडला गेलेला मजूरही श्वास कोंडून दगावू शकतो. म्हणून साधारण दीड मीटरहून खोल चराच्या भिंतींना आधार देणे किंवा त्या उतरत्या खोदणे आवश्यक मानले जाते.

काही धोके डोळ्यांना दिसत नाहीत. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे सेंटरिंग बरेच दिवस आत राहिले, की ओले लाकूड कुजताना हवेतला प्राणवायू शोषून घेते. फळ्या काढायला उतरलेला माणूस क्षणात कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उडी घेतो आणि मागोमाग तिसरा. अशा घटनांत वाचवायला गेलेल्यांचेही प्राण जातात. उतरण्यापूर्वी हवा तपासणे, पंख्याने ताजी हवा सोडणे, दोरी बांधणे आणि तोंडाशी एक माणूस कायम उभा ठेवणे एवढ्या तयारीने हे मृत्यू टळतात. सिमेंट आणि दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, उन्हाळ्यातील उष्माघात आणि सततच्या ओझ्याने जाणारी पाठ हे धोके सावकाश चालून येतात, त्यामुळे अपघाताच्या नोंदवहीत त्यांना जागा मिळत नाही.

ठेक्यांची उतरंड

मुख्य ठेकेदार, पोटठेकेदार, मुकादम आणि मजूर अशी बांधकामातली उतरंड असते. गावाकडून उचल घेऊन आलेला मजूर मुकादमाच्या शब्दाबाहेर जाऊ शकत नाही. काम उक्ते असले तर जितके काम तितका पैसा. परांचीला कठडा बांधण्यात गेलेला तास त्याच्याच कमाईतून वजा होतो. नाक्यावरून दिवसाच्या बोलीने आणलेल्या माणसाला जागेची ओळखही नसते. मराठवाडा, बिहार, पश्चिम बंगाल, तेलंगणा अशा निरनिराळ्या प्रदेशांतली माणसे एकाच मजल्यावर काम करतात आणि सूचनाफलक त्यांतल्या अनेकांना न वाचता येणाऱ्या भाषेत लागलेला असतो. अशा ठिकाणी मौन हे संमतीचे लक्षण नसते. बोललो तर उद्या काम मिळणार नाही, ही भीती त्यामागे असते. म्हणूनच सुरक्षेची सुरुवात ठेक्याच्या कागदापासून व्हावी लागते. जाळ्या, कठडे, प्रशिक्षणाचा वेळ आणि धोक्यामुळे थांबलेल्या कामाची मजुरी यांची तरतूद निविदेतच स्वतंत्रपणे असेल, तर पोटठेकेदाराला जिवाच्या बदल्यात बचत करण्याचा मोह उरत नाही.

संरक्षणाचा क्रम

सुरक्षाशास्त्रात उपायांचा क्रम ठरलेला आहे. शक्य असेल तिथे धोकाच काढून टाकणे, उदाहरणार्थ तुळयांचा सांगाडा जमिनीवर जोडून मग क्रेनने वर चढवणे. ते शक्य नसेल तर कमी धोक्याची पद्धत निवडणे. त्यानंतर कठडे, जाळ्या, झाकणे यांसारखी सर्वांना आपोआप वाचवणारी व्यवस्था करणे. पुढे परवाने, प्रशिक्षण आणि कामाच्या पाळ्या. आणि सर्वांत शेवटी हेल्मेट, बूट व सेफ्टी बेल्ट. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. मजुराच्या अंगावर बेल्ट असतो, पण हूक अडकवायला डोक्यावर जीवनदोरी नसते. तो पडल्यावर ‘हूक लावला नव्हता’ अशी नोंद होते. हूक लावायचा कुठे, हे कोणी विचारत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाची उभारणी १९३३ ते १९३७ या काळात झाली. तेव्हा पुलाखाली जाळे टांगले होते आणि त्याने १९ कामगारांना झेलले. मात्र १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक जड परांची तुटून त्याच जाळ्यावर कोसळली, जाळे फाटले आणि १० कामगार मरण पावले. माणसासाठी बांधलेले जाळे परांचीचा भार पेलू शकले नाही. एकाच उपायावर विसंबून राहता येत नाही, हा धडा त्या पुलाने दिला.

रोजचे व्यवहार

संस्कृती छोट्या, ठरलेल्या कृतींतून रुजते. सकाळी काम सुरू होण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटांची बैठक होते. साइटवर तिला ‘टूलबॉक्स टॉक’ म्हणतात. आज कुठला स्लॅब भरायचा, क्रेनच्या फिरण्याच्या टप्प्यात कोण येणार, कोणते डक्ट उघडे आहेत, हे तिथे सांगितले जाते. मुकादमाने बोलायचे आणि बाकीच्यांनी मान हलवायची, असे तिचे स्वरूप असेल तर ती निरुपयोगी ठरते. गवंड्याने कालची डगमगणारी फळी सांगावी आणि अभियंत्याने काम सुरू होण्याआधी ती बदलून घ्यावी, यातूनच विश्वास तयार होतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी जागा फिरवून दाखवणे, चित्रांच्या फलकांचा वापर करणे आणि मजुराच्या भाषेत बोलणारा माणूस ठेवणे हेही याच व्यवहाराचे भाग आहेत. वरिष्ठ अभियंता स्वतः हेल्मेटशिवाय फिरला, किंवा रात्री स्लॅब उरकण्यासाठी परवाना नसताना ‘चालू द्या’ म्हणाला, तर महिनाभराच्या प्रशिक्षणावर एका वाक्यात पाणी पडते.

चौकशी आणि न्याय

एका नेहमीच्या अपघातातून चौकशीची दिशा स्पष्ट होते. स्लॅबमधल्या मोकळ्या जागेवर प्लायचा तुकडा नुसता ठेवलेला असतो. सेंटरिंगला प्लाय कमी पडते, म्हणून सुतार तो तुकडा दोन्ही हातांनी उभा धरून उचलतो. समोर धरलेल्या प्लायमुळे त्याला पायाखालचे काही दिसत नाही. तो एक पाऊल पुढे टाकतो आणि झाकण काढून त्यानेच उघड्या केलेल्या भोकातून खाली जातो. दोषी शोधणारी चौकशी ‘सुताराचे दुर्लक्ष’ एवढ्यावर संपते. कारण शोधणारी चौकशी पुढचे प्रश्न विचारते : झाकण ठोकून बसवलेले का नव्हते, त्यावर रंग किंवा खूण का नव्हती, प्लाय कमी का पडले, आणि मोकळ्या जागेत ओतकामाच्या वेळीच सळयांची जाळी का सोडली नाही? पहिल्या चौकशीनंतर सुतार बदलतो, दुसरीनंतर प्रत्येक मजल्यावरची भोके सुरक्षित होतात.

थोडक्यात टळलेला अपघात ही फुकट मिळालेली सूचना असते. ती सांगणाऱ्याला दंड झाला, तर पुढची सूचना कोणी देत नाही. प्रामाणिक चूक सांगणाऱ्याला संरक्षण मिळाले आणि जाणूनबुजून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यावर, मग तो कितीही वरच्या पदावर असो, कारवाई झाली, तरच माणसे बोलू लागतात.

वस्ती, कुटुंब आणि आरोग्य

बांधकाम मजूर बहुधा कामाच्या जागीच राहतो, त्यामुळे सुरक्षेची हद्द त्याच्या झोपडीपर्यंत जाते. २९ जून २०१९ रोजी पुण्याच्या कोंढव्यात पावसात कुंपणाची भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. झोपेत असलेली १५ माणसे त्यात दगावली आणि त्यांत लहान मुलेही होती. कामाची पाळी संपल्यावरही मजूर साइटच्याच धोक्यात राहत होते. वस्ती खोदाईच्या काठापासून आणि उंच भिंतींपासून दूर असणे, तिथे वीज, पाणी व शौचालय असणे ही सुरक्षेची अंगे आहेत. घमेली वाहणाऱ्या बायकांची मुले सळयांच्या ढिगाशेजारी खेळतात. त्यांच्यासाठी १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत राजघाटाजवळच्या बांधकामावर पाळणाघर सुरू केले. ‘मोबाइल क्रेशेस’ या नावाने वाढलेले हे काम १९७२ साली मुंबईतही सुरू झाले. मूल सुरक्षित आहे हे माहीत असलेल्या आईचे लक्षही कामावर राहते.

कायदा

भारतात १९९६ साली इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम झाला. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना तो लागू होता. ५०० किंवा अधिक कामगार असतील तिथे सुरक्षा समिती आणि ५० हून अधिक स्त्रिया असतील तिथे पाळणाघर त्याने बंधनकारक केले. सोबतच्या उपकर अधिनियमानुसार बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कल्याण मंडळांकडे जमा होऊ लागला. वर्षात किमान ९० दिवस काम केलेल्या नोंदणीकृत कामगारांना त्यातून लाभ मिळतात. २०२० सालच्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने या अधिनियमासह १३ कायदे एकत्र केले आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. २५० किंवा अधिक कामगारांच्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमणे तिच्यानुसार आवश्यक आहे. गंभीर धोका जवळ आल्याची रास्त शंका वाटल्यास तो मालकाला व निरीक्षकाला कळवण्याचा हक्कही ती कामगाराला देते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८१ चा १५५ क्रमांकाचा करार याच्या पुढे जातो : अशा धोक्यातून बाजूला होणाऱ्या कामगाराला त्याबद्दल शिक्षा होऊ नये, असे तो सांगतो. बांधकामासाठी १९८८ चा स्वतंत्र करारही (क्रमांक १६७) आहे. भारतात ४ मार्च हा दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळतात. १९६६ साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली.

अनुभव आणि मोजमाप

माणसाला अग्रस्थान देऊन मोठी कामे वेळेत पुरी होतात, याचे ठळक उदाहरण म्हणजे लंडनच्या २०१२ सालच्या ऑलिंपिकची बांधकामे. सुमारे ४६,००० कामगारांनी तिथे काम केले आणि बांधकामात एकाचाही मृत्यू झाला नाही. रोजच्या बैठका, कंत्राटदारांशी आधीच केलेले करार आणि जागेवरची आरोग्यसेवा यांचा त्यात वाटा होता. अनेक कामगार न्याहारी न करता येतात असे आढळल्यावर त्यांना स्वस्त, गरम लापशी मिळण्याची सोयही तिथे केली गेली. याउलट १ ऑगस्ट २०२३ रोजी ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर बसवणारे यंत्र कोसळून २० जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर सव्वा महिन्याने ठाण्यातील बाळकुम येथे बांधकामाची लिफ्ट कोसळून सात कामगार मरण पावले.

‘अपघाताविना इतके दिवस’ असा फलक आणि त्यावर बक्षीस, हे मोजमाप फसवे ठरते, कारण बक्षीस जाऊ नये म्हणून बोट चेचलेला माणूस घरी पाठवला जातो आणि नोंद राहून जाते. संस्कृतीची प्रगती वेगळ्या आकड्यांतून दिसते : मजुरांनी सांगितलेले धोके किती, त्यांतले किती त्याच दिवशी दूर झाले, वरिष्ठ किती वेळा मजल्यांवर फिरले, आणि धोक्यामुळे किती वेळा काम थांबवले गेले. या शेवटच्या नोंदीसमोर थांबवणाऱ्याचे नाव आणि त्याची पूर्ण हजेरी लिहिलेली आढळते, तिथे सुरक्षा संस्कृती रुजलेली असते.