गृहसजावटीतील बुद्धप्रतिमा : पवनीचा स्तूप ते नागपूरची बाजारपेठ

प्रस्तावना :

शहरातील शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत आज थायी, चिनी व जपानी धाटणीच्या बुद्धप्रतिमा सर्रास आढळतात. नागपूरच्या सीताबर्डीसारख्या बाजारपेठेत येणारा भंडारा जिल्ह्यातील ग्राहक याला अपवाद नाही. मात्र ज्या जिल्ह्यात बौद्ध परंपरा प्राचीन आहे आणि बौद्ध समाज मोठ्या संख्येने राहतो, तेथे या खरेदीचा अर्थ केवळ सजावटीपुरता उरत नाही. प्रस्तुत निबंधात या प्रतिमांच्या प्रवासाचा ऐतिहासिक दृष्टिकोनातून विचार केला आहे.

पवनी : मूर्तीविना बुद्ध

वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनी येथे 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव व डॉ. जगत्पती जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या या उत्खननात प्राचीन स्तूपांचे अवशेष, शिल्पांकित स्तंभ आणि दात्यांची नावे असलेले ब्राह्मी लेख मिळाले. येथील एका शिल्पात मुचलिंद नाग आपल्या फणा उभारून दाखविला आहे. त्याच्या नावाचा लेखही तेथे कोरलेला आहे. परंतु ज्याचे रक्षण तो नाग करतो, त्या बुद्धाची मानवी आकृती तेथे नाही. आसन, वृक्ष, चक्र या प्रतीकांतूनच त्याचे अस्तित्व सूचित होई. बुद्धाची मानवी मूर्ती पुढे इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांत मथुरा व गांधार येथे रूढ झाली आणि तेथून आशियाभर पसरताना तिने प्रत्येक देशाचा चेहरा धारण केला.

आशियातून पुनरागमन :

भंडाऱ्याशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा राजकीय संबंध होता. 1954 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत ते येथून उभे होते व पराभूत झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ते रंगून येथील जागतिक बौद्ध परिषदेस गेले आणि 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोड येथील विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची त्यांनी स्थापना केली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांना धम्मदीक्षा देणारे महास्थवीर चंद्रमणी हेही मूळचे ब्रह्मदेशाचेच. पुढे कामठी येथे 1999 मध्ये जपानी साहाय्याने ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार उभे राहिले. यावरून असे दिसते की, विदर्भातील नवबौद्ध समाजाला आशियाई मूर्ती परकी वाटली नाही; ती स्वकीय वारशाचे पुनरागमन ठरली.

दोन बाजारपेठा :

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या परिसरात ग्रंथ, पंचशील ध्वज, तसबिरी व मूर्ती यांची दुकाने लागतात. लाखो अनुयायी येथून मूर्ती घरी नेतात. ही मूर्ती घरात उंच जागी बसविली जाते, तिच्यासमोर त्रिशरण व पंचशील ग्रहण केले जाते. याउलट भेटवस्तूंच्या दुकानातील मूर्ती दिवाणखान्याच्या रंगसंगतीनुसार निवडली जाते. तिच्या शेजारी 'हसरा बुद्ध' असतो. तो वस्तुतः गौतम बुद्ध नसून दहाव्या शतकातील बुदाई नावाच्या चिनी भिक्षूची लोकप्रिय प्रतिमा आहे. केवळ शिर असलेल्या प्रतिमांचा उगम तर अधिक क्लेशदायक आहे. आग्नेय आशियातील भग्न मंदिरांतून मूर्तींची शिरे तोडून संग्राहकांना विकली गेली आणि त्यांच्याच प्रतिकृती पुढे सजावटीत रूढ झाल्या. थायलंडमध्ये 1961 च्या कायद्यानुसार बुद्धमूर्ती देशाबाहेर नेण्यास परवाना लागतो, ही बाब या संदर्भात बोलकी आहे.

तथापि या दोन बाजारपेठांतील सीमारेषा ठाम नाही. दुकानातून शोभेसाठी आणलेली मूर्ती एखाद्या घरी वंदनीय होते, तर दीक्षाभूमीवरून आणलेली मूर्ती कालांतराने शोकेसमध्ये जाऊन बसते. मूर्तीचे मोल तिच्या घडणीत नसून घरातील तिच्या स्थानात व तिच्यासमोरील आचरणात असते.

निष्कर्ष :

पवनीच्या शिल्पकाराने बुद्धाचे आसन रिकामे ठेवले, कारण त्याच्या दृष्टीने धम्म हाच बुद्ध होता. आजच्या बाजारपेठेने ते आसन असंख्य मूर्तींनी भरले आहे. मूर्ती सुलभ झाली, ही गोष्ट ज्यांना शतकानुशतके मंदिरप्रवेश नाकारला गेला त्यांच्या दृष्टीने लहान नाही. परंतु तीच मूर्ती निव्वळ शोभेची वस्तू झाली, तर तिच्यामागील इतिहास पुसला जाण्याचा धोका संभवतो. भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयांनी पवनीची स्थानिक अभ्यासाशी सांगड घातल्यास विद्यार्थ्यांना घरातील मूर्तीकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहता येईल.