आवडत्या वाक्याची वाट

मे महिन्यात गाडी काढून बाहेर पडायचे बेत कल्याणजवळच्या मोहन्यात साधारण होळीनंतर सुरू होतात. शहाडवरून मुरबाड रस्त्याला लागायचे आणि माळशेज चढून ओतूर-जुन्नरकडे उतरायचे, की शिळफाटा-पनवेल करत कोकण गाठायचे, यावरून घरात दोन तट पडतात. हवा भरून झाली, पीयूसीची तारीख पाहून झाली, स्टेपनी आहे का हेही पाहून झाले, तरी वाद मिटत नाही. याच दिवसांत ठरावीक खोचक वाक्यांना ऊत येतो. ती दरवर्षी तीच असतात, सगळ्यांना पाठ असतात, कोण कधी म्हणणार हेही माहीत असते. तरीही माणसे हसतात.

हे हसणे विनोदाच्या प्रसिद्ध उपपत्तींत बसत नाही. कांटने 1790 मध्ये मांडले की ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यावर आली की हसू फुटते. फ्रॉईडने 1905 च्या ग्रंथात विनोदाचा आनंद मनाच्या वाचलेल्या श्रमात शोधला. आपल्याकडे कुंतकाने वक्रोक्तीची चर्चा केली ती काव्याच्या संदर्भात, पण मुद्दा जवळचाच: नेहमीच्या सांगण्याला चतुर माणूस जी अनपेक्षित ढब देतो, तिच्यात चमत्कार असतो. तिघांच्याही मांडणीत काहीतरी नवे घडावे लागते. अपेक्षाच भंगली नाही, तर कांटच्या हिशेबाने हसू येण्याचे कारण उरत नाही.

माझे म्हणणे असे की ‘चांगले’ चटकदार वाक्य आणि ‘आवडते’ चटकदार वाक्य या दोन निरनिराळ्या जाती आहेत. त्यांची घडण वेगळी, काम वेगळे. पहिली जात अपेक्षाभंगावर जगते, दुसरी अपेक्षापूर्तीवर. उन्हाळी प्रवासाचा अभ्यास यासाठी सोयीचा, कारण दोन्ही जाती तिथे एकाच रस्त्यावर भेटतात.

पहिल्या जातीचा शुद्ध नमुना म्हणजे वाहनांमागची वाक्ये. त्यांची लांबी लेखकाच्या प्रतिभेपेक्षा वेगावर ठरते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर पुढे सरकते. समोरच्या टेम्पोच्या मागे येऊन, अंदाज घेऊन, त्याला मागे टाकेपर्यंत वाचायला मिळतात ते मोजके सेकंद, आणि त्यातही चालकाचे डोळे रस्त्यावर हवेत. म्हणून पाच-सहा शब्द, जाड अक्षर, शक्यतो यमक. ‘बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं’ हे वाक्य या तिन्ही कसोट्यांना उतरते. शिवाय ते मागे पडलेल्याच्या मनातली भावना त्याच्या आधी ओळखते. रागाने बघत असतानाच ‘रागानं’ हा शब्द वाचायला मिळतो, आणि राग अर्धा होतो. ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ यात विनोद काहीच नाही, पण ते इतक्या गाड्यांवर असल्यामुळेच एखाद्या नव्या गाडीवर ‘बँकेची कृपा’ दिसले की हसू येते. विडंबनाला आधी गंभीर वाक्यांची अशी दाट पेरणी लागते.

घाटात वेग उतरतो आणि वाक्य लांबते. सीमा सडक संघटना 1960 साली स्थापन झाली; तिच्या हिमालयातल्या पाट्यांवर ‘आफ्टर व्हिस्की, ड्रायव्हिंग रिस्की’ यासारखी यमके रंगवलेली असतात. वळणावर गाडी ताशी 30 वर आलेली असते, सेकंदाला आठ-सव्वाआठ मीटर, त्यामुळे दोन ओळी निवांत वाचून होतात. आपल्या राज्य रस्त्यांवरचे ‘अति घाई संकटात नेई’ त्याच कुळातले, मात्र चेष्टा गाळून उपदेश तेवढा ठेवलेला. सरकारी यमकाला सहसा हसू येत नाही. चुकून आले तर ते सरकारच्या पदरात टाकू नये.

‘हॉर्न ओके प्लीज’चे प्रकरण या जातीची मर्यादा दाखवते. 2015 मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी परिपत्रक काढून हे शब्द वाहनांवर लिहायला बंदी केली. त्यामुळे विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळते, हे कारण. पण मागून येणारा माणूस ते शब्द वाचून हॉर्न वाजवत नाही, तो एरवीही वाजवतोच. मधल्या ‘ओके’चा आगापिछा कुणाला लागत नाही, आणि न लागल्याने कुणाचे अडतही नाही. सूचना म्हणून ते शब्द केव्हाच निकामी झाले होते. राहिले ते नक्षी म्हणून, लिंबू-मिरचीच्या शेजारी. बंदीनंतरही ते ट्रकांवर दिसतात, आणि शाळेच्या सुटीत मागच्या सीटवरची पोरे ते दिसताच एका सुरात ओरडतात. वाक्य पहिल्या जातीतून दुसऱ्या जातीत जाते ते असे: अर्थ झिजून जातो आणि दिसण्याची वाट पाहणे तेवढे शिल्लक राहते.

हे स्थित्यंतर सर्वांत स्पष्ट दिसते एसटीत. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली, आणि तेव्हापासून मराठी माणसाने वाहनात बसून सर्वाधिक वाचलेला मजकूर बहुधा एसटीच्या आतल्या पत्र्यावरचा असावा. तिथे वेगाची अडचण नाही. कल्याण आगारातून आळेफाट्याला निघालेला माणूस तासन्‌तास तेच वाचतो: धूम्रपान करू नये, सुटे पैसे द्यावेत, विनातिकीट प्रवास हा गुन्हा आहे. त्यात एखाद्या गाडीत चालकाच्या डोक्यावर ‘मनाचा ब्रेक उत्तम ब्रेक’. पहिल्यांदा वाचताना या वाक्यात काहीच विशेष नाही. परतताना माळशेजच्या उतारावर, गाडीचा खरा ब्रेक किंचाळत असताना, विसाव्यांदा वाचले की ते एकदम थोर वाटू लागते. ‘वाट पाहीन पण एसटीनंच जाईन’ या घोषवाक्याचेही तसेच. ते निष्ठा सांगण्यासाठी रूढ झाले. फाट्यावर दीड तास उभ्या असलेल्या प्रवाशाने ते स्वतःशी म्हटले की त्यातली निष्ठा गळते आणि ‘वाट पाहीन’ एवढाच भाग वस्तुस्थिती म्हणून उरतो. शब्द तेच असतात, विनोद थांब्यावर तयार होतो.

आता घरातल्या वाक्यांकडे. त्यांच्या आधी एका चमत्कारिक गोष्टीची नोंद करायला हवी. पुढच्या सुखाची वाट पाहणाऱ्यावर मराठीत जेवढ्या म्हणी आहेत, त्या जवळजवळ सगळ्या त्याची टर उडवतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. बाजारात तुरी, भट भटणीला मारी. पी हळद आणि हो गोरी. दुरून डोंगर साजरे. उत्सुक माणसाच्या पाठीवर हात ठेवणारी एक म्हण शोधायला गेलो तर पटकन सापडत नाही. भरताने नाट्यशास्त्रात औत्सुक्याला तेहतीस व्यभिचारी भावांत जागा दिली, पण त्याची लक्षणे सांगितली ती दीर्घ निःश्वास, खाली घातलेली मान, चिंतन, झोप, अंथरुणावर पडून राहावेसे वाटणे. भरतासमोर प्रिय माणसाचा विरह होता, हे मान्य. मेच्या पहिल्या आठवड्यात इकोच्या टपावर दोरी आवळणारा काका त्याच्या पाहण्यात नसावा.

या म्हणी उत्साहाच्या शत्रू आहेत असे वरवर वाटते. माझ्या मते त्या त्याचा परवाना आहेत. आपल्याकडे मोठ्या माणसाने उघडपणे हरखून जाणे जरा पोरकट समजतात. मग तो स्वतःच स्वतःला ‘गुडघ्याला बाशिंग’ म्हणून घेतो आणि त्या आडोशाने चार दिवस आधी बॅग भरून बसतो. टीका आधीच करून ठेवली की पुढे मोकळीक.

मोहन्याला या मोकळिकीची गरज थोडी जास्तच होती. 1946 साली स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या कारखान्याभोवती हे गाव वाढले. एनआरसी कॉलनी, बाजार, आंबिवली स्टेशनाकडची वर्दळ, सगळे पाळ्यांच्या वेळेवर. मेमध्ये गावाला जाणे म्हणजे आधी रजा मंजूर होणे. ती होईपर्यंत बेत मोठ्याने बोलायचा नाही, बोललाच तर चेष्टेत बोलायचा. 2009 च्या नोव्हेंबरात कंपनीला टाळे लागले. रजा मागायला साहेब उरला नाही, कामगारांची देणी वर्षानुवर्षे अडकली, आणि कित्येक घरांत सुट्टीचा बेत हाच एक विनोद होऊन बसला. आता त्या घरांतली पुढची पिढी ठाण्या-मुंबईत कामाला जाते, हप्त्यावर गाडी घेते, रजा मोबाइलवर टाकते. चेष्टेत बेत बोलण्याची सवय मात्र गेलेली नाही.

निघण्याच्या आदल्या रात्रीचे संभाषण पाहू. स्वयंपाकघरात तिखटमिठाच्या पुऱ्या निथळायला ठेवलेल्या असतात, ओट्यावर लोणच्याची बाटली दोन पिशव्यांत गुंडाळून, तिच्याशेजारी उलटीच्या गोळ्यांची पट्टी.

“काका, पाचला निघायचं ना?”

“पाच म्हणजे पाच. कुणासाठी थांबणार नाही.”

“म्हणजे सातला,” आजी आतून.

“आई, मागच्या वेळी साडेसहाला निघालो होतो.”

“हो, आणि शहाडच्या पुलावर साडेसात.”

हशा. आजीचे ‘म्हणजे सातला’ कुणालाही अनपेक्षित नाही. उलट काकांनी ‘पाच म्हणजे पाच’ म्हणताच खोलीतली सगळी माणसे क्षणभर गप्प होतात, आतल्या आवाजासाठी जागा करून देतात. आजी एखाद्या वर्षी बोलली नाही, तर बेत कुठेतरी बिनसला आहे असे वाटेल. हसू वाक्याने निर्माण केलेले नाही. ते आधीच साठलेले होते, वाक्य आल्यावर सुटले. कांटचे सूत्र इथे उलटे लावावे लागते: ताणलेली अपेक्षा शून्यावर येत नाही, ती नेमकी भरून निघते.

प्रवासाच्या ओढीबद्दलचे संशोधन याच दिशेला बोट दाखवते. जॉर्ज लोवेन्स्टाइन या अर्थशास्त्रज्ञाने 1987 च्या निबंधात विद्यार्थ्यांना विचारले होते की आवडत्या सिनेकलाकाराचे चुंबन मिळणार असेल तर किती पैसे मोजाल. लगेच मिळण्यापेक्षा तीन दिवसांनी मिळण्याला त्यांनी जास्त किंमत दिली. अर्थशास्त्राची सर्वसाधारण समजूत अशी की सुख लांबले की स्वस्त होते. इथे थोडे लांबल्याने ते महागले, कारण वाट पाहण्याचे तीन दिवसही भोगायला मिळणार होते. पुढे 2010 मध्ये येरोन नावाइन आणि सहकाऱ्यांनी 1,530 डच प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या 974 जणांनी सुट्टी घेतली होती. हे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी आढळले ते निघण्यापूर्वी. परत आल्यावर, ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली ते सोडता, फरक उरला नव्हता. डच कुटुंबांना एका अर्टिगात आठ जण आणि परतताना आंब्याच्या दोन पेट्या बसवायच्या नसतात, एवढी सूट देऊनही निष्कर्ष पटण्याजोगा आहे.

मग आवडते वाक्य म्हणजे छोट्या प्रमाणातला असाच प्रवास. ते ऐकण्याचा क्षण लहान, ते येणार असल्याचे भान लांब. याचा मोठा पुरावा पु. ल. देशपांड्यांची ‘म्हैस’. एसटी, म्हशीला लागलेला धक्का, आणि अडकून पडलेले प्रवासी, एवढेच कथानक. लांबच्या प्रवासात ती गाडीत लावणारी कुटुंबे आजही आहेत, आणि त्यांना ती जवळजवळ अक्षरशः पाठ आहे. गाडीतले हसू वाक्याच्या आधी येते. नंतर लोक ते वाक्य पु. लं.बरोबर म्हणतात. आश्चर्याची उपपत्ती इथे पूर्ण निरुपयोगी ठरते. रस्ता अडलेल्या गाडीची गोष्ट चालत्या गाडीत ऐकण्याची मजा वेगळी, हेही खरे.

रस्त्यावरही या जातीची वाक्ये भेटतात, फक्त ती ऋतूवर अवलंबून असतात. टोकावड्याच्या पुढे सडकेच्या कडेला पानांच्या द्रोणांत करवंदे मांडून बसलेल्या बाया दिसू लागल्या की गाडीतले कुणीतरी ‘डोंगरची काळी मैना’ म्हणणारच. ही आरोळी विकणाऱ्यांची. गिऱ्हाइकाने ती आधीच म्हटली तर भाव कमी होत नाही, पण गाडी नक्की थांबते. करवंदाचा चीक बोटांना चिकटतो, सीट कव्हरवर जांभळा डाग पडतो, आणि त्या डागावरून पुढचे वर्षभर बोलणे होते.

घरगुती वाक्य जन्मते ते अशाच बारीक फजितीतून. फजिती किरकोळ हवी, तिचा नायक गाडीतच बसलेला हवा, आणि हसणाऱ्यांत तोही हवा. यांपैकी एक अट सुटली की वाक्य टोमणा होते आणि दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही. नकाशा दाखवणारा मोबाइल आल्यापासून रस्ता चुकण्याच्या फजित्यांची पैदास घटेल अशी भीती होती. ती खोटी ठरली. रस्ता मोबाइलमधल्या बाईसाहेब सांगतात, आणि वळायचे की नाही यावर गाडीतल्या सहा जणांचे मत पडते.

या वाक्यांची खरी परीक्षा घेतो नवा जावई. पहिल्या उन्हाळ्यात ‘म्हणजे सातला’वर सगळे हसतात तेव्हा तो घड्याळाकडे बघतो; त्याच्यापाशी अपेक्षाच नसते, त्यामुळे पुरी होण्यासारखे काही नसते. कुणीतरी त्याला समजावून सांगते, आणि समजावलेल्या विनोदाला येते तेवढेच हसू त्याला येते. दुसऱ्या उन्हाळ्यात तो इतरांबरोबर हसतो, किंचित आधीच. तिसऱ्या वर्षी काकांनी ‘पाच म्हणजे पाच’ म्हटल्यावर, आजी तोंड उघडायच्या आत, ते वाक्य तोच म्हणून टाकतो. आजी रागावते.